आराम, मजा आणि अ‍ॅव्हरेज

मालकांचा विषय निघाला की आमच्या जुन्या गल्लीतली माणसं अजून हसायला लागतात. "काय माणूस होता हो! एक मोटार निवडायला इतकी वर्षं!" असं म्हणून मांडीवर थाप मारतात आणि मग माझ्याकडे बघतात, कारण त्या सगळ्या मोटारींच्या मागच्या सीटवर मी बसलेली होते. मी किस्से सांगावेत अशी त्यांची अपेक्षा असते. सांगते मी. पण मला हसू येत नाही. मला संताप येतो, आणि एवढ्या वर्षांत तो तसूभरही कमी झालेला नाही.

मालक म्हणजे माझे घरमालक. परभणीच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी पालमकडून एक पेटी आणि एक वळकटी घेऊन आले. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. माझं आडनाव ऐकलं की 'खोली आहे' म्हणणाऱ्या घरात अचानक पाहुणे यायचे. कुठे भिंत ओली निघायची, कुठे मालकीणबाईंचा भाऊ बदली होऊन यायचा. अशी चार घरं फिरून मी पाचव्या दारात उभी राहिले. ओट्यावर पन्नाशीचा एक माणूस बसला होता, कपाळाला विभूती, अंगात बंडी. नंतरची कटकट नको म्हणून मी आधीच, जरा घुश्श्यातच, माझं आडनाव सांगून टाकलं.

"ते ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "मोटारीत बसल्यावर तुमाला मळमळतं का?"

"नाही."

"मग ऱ्हावा."

ह्या प्रश्नाचं कारण पुढच्याच रविवारी कळलं. मालकांना मोटार घ्यायची होती. अव्वांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मोटारीत बसलं की उलटी व्हायची, आणि धाकट्या मुलीला नुसत्या पेट्रोलच्या वासानं चक्कर यायची. मागच्या सीटवर बसून 'मागं कसं वाटतं' ते सांगणारं माणूस घरात नव्हतं. ते माणूस मी झाले, आणि माझे रविवार गेले ते गेलेच.

मालकांचं कापडाचं दुकान होतं, बाजारात चांगलं नाव असलेलं. माल आणायला सोलापूर, हैदराबाद, कधी गुलबर्गा, असा सारखा लांबचा प्रवास. मालक लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन, पाणी घालून, विभूती-बेल वाहिल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचे नाहीत. पहाटेच्या एस.टी.त पोती, कोंबड्या आणि दुसऱ्यांची कोपरं यांच्या गर्दीत ही पूजा व्हायची कुठे? मग सोलापूर येईपर्यंत कडकडीत उपास, आणि पित्त उसळलं की दोन दिवस अंथरूण. ह्या माणसाला मोटारीची गरज होती, हे मी पहिल्या दिवसापासून मान्य केलं. त्या गरजेत काही खोटं नव्हतं.

"मोटारीत तीन गोष्टी पाह्यजेत, बाई," ते मला बोटं मोजून सांगायचे. "आराम, मजा आन् अ‍ॅव्हरेज. लांबच्या रस्त्याला ह्यातलं एक बी कमी पडलं का माणूस मेला."

आणि घाई करायची नाही, हा चौथा नियम. "घाईनं घेतलेली चप्पल बी चावती. ही तर मोटार हाय."

आरामाची परीक्षा अशी. मालक पुढच्या सीटवर चपला काढून मांडी घालून बसायचे. मांडी बसली नाही तर गाडी तिथेच नापास. बसली, की गाडी वसमत रस्त्याला काढायची आणि मी मागून वाकून तांब्यातलं पाणी त्यांच्या डाव्या तळहातावर ओतायचं. लिंग ते बाहेर काढत नसत. "परीक्षेच्या गाडीत देवाचे कामून हाल करायचे?" नुसतं पाणी. तळहात छातीसमोर धरून, डोळे मिटून बसायचे. झिरो फाट्यापर्यंत पाणी हातात राहिलं तर गाडी पास. वसमत रस्ता तेव्हा कसा होता हे परभणीच्या माणसाला सांगायला नको. पहिल्या खड्ड्याला पाणी मालकांच्या धोतरावर, दुसऱ्याला जब्बारभाईंच्या मांडीवर.

जब्बारभाई म्हणजे स्टेशनकडचे गॅरेजवाले. कुणाला जुनी गाडी विकायची असली की ती दुरुस्त करून गिऱ्हाईक गाठून द्यायचे. मालकांसाठी त्यांनी जालन्यापासून नांदेडपर्यंतच्या गाड्या आणल्या. डॉक्टरची आणली, वकिलाची आणली, एका जिनिंगवाल्याची नवीकोरी मारुतीसुद्धा गोड बोलून एका सकाळपुरती आणली. अफाट सहनशील माणूस.

मजेची परीक्षा परत येताना. रस्ता मोकळा दिसला की जब्बारभाईंनी गाडी जरा पळवायची, आणि मालकांच्या तोंडून आपोआप गाणं यायला पाहिजे. आठवून म्हटलेलं चालत नसे. एकदा एक अँबेसिडर आली, बैठकीच्या खोलीसारखी ऐसपैस. तळहातावरचं पाणी बऱ्यापैकी राहिलं. येताना मात्र मालक गप्प. जब्बारभाई आरशातून माझ्याकडे बघताहेत, मी खिडकीबाहेर बघतेय. शेवटी मालक म्हणाले, "आराम हाय. मजा न्हाई. हिच्यात माणूस झोपंल, गाणार न्हाई." गाडी परत. एका जीपमध्ये उलटं झालं. गाणं असं सुटलं की रस्त्यावरच्या गुराख्यांनी हात केले, पण मांडी घातलेले मालक दोनदा छताला लागले होते. "मजा लय हाय, पर हाडं शिल्लक ऱ्हायची न्हाईत." तीही परत. मारुतीत मांडी घालताना त्यांचा गुडघा गिअरला अडकला आणि आम्ही तिघं मिळून त्यांना सोडवलं.

अ‍ॅव्हरेजची परीक्षा सगळ्यात वाईट. टाकी रिकामी करून एक डबा पेट्रोल ओतायचं आणि गाडी आपणहून बंद पडेपर्यंत जिंतूर रस्त्यानं जायचं. बंद पडली की उतरून मैलाचा दगड शोधायचा. दुसरा डबा डिकीत असायचा, तो ओतून परत यायचं. एकदा तो दुसरा डबा ओट्यावरच राहिला. झरीच्या पुढे भर उन्हात गाडी थांबली. मी पदर खोचून मागून ढकलतेय, जब्बारभाई बाजूनं ढकलताहेत, आणि मालक आत बसून "जरा उजवीकडं, उजवीकडं" करताहेत. शेवटी एका शेतकऱ्यानं बैलजोडी जुंपली आणि मोटार ओढत परभणीत आणली. मालक आतूनच ओळखीच्या माणसांना नमस्कार करत होते. "काय सुरेख अ‍ॅव्हरेज हाय," म्हणाले, "पेट्रोल लागंचना!"

हा किस्सा गल्लीत सगळ्यात जास्त चालतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत लोक तो रंगवतात.

अशाच एका रविवारी, गाडी परत पाठवून आम्ही ओट्यावर टेकलो होतो. जब्बारभाई घाम पुसत म्हणाले, "मालक, एक बात पुच्छू? मोटार घ्यायलेत का जावई बघायलेत?"

मालक खळखळून हसले. अव्वा चहा घेऊन आल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. कप ठेवून आत निघून गेल्या. मी मागोमाग गेले तर चुलीसमोर बसून लाकूड उगाच मागेपुढे सरकवत होत्या.

"जावई एका दुपारी पसंत केला यांनी," त्या म्हणाल्या. "पोराचं घर बघितलं न्हाई, शेजारी इचारलं न्हाई. घरचं शेत हाय, खानदान बरं हाय, झालं."

त्यांची थोरली मुलगी महानंदा. मी राहत होते ती खोली तिचीच. कोनाड्यात तिची मॅट्रिकची पुस्तकं होती, कागदाची कव्हरं घातलेली, वर सुवाच्य अक्षरात नाव. ती मला हलवू दिली नव्हती. "पंचमीला येईल तवा बघंल ती," अव्वा म्हणायच्या. तिला भालकीकडे दिली होती. लग्न मुलाच्या दारात झालं. मालकांचं वऱ्हाड परळीला गाडी बदलून, रात्रभर उभं राहून, इंजिनाच्या धुरानं काळवंडलेल्या तोंडांनी उतरलं, आणि नवऱ्या मुलाचा चुलता चार माणसांत म्हणाला, "परभणीकर कोळशाच्या वाघिणीतून आले का काय?" लोक हसले. मालकांना ते झोंबलं. लग्न लागलं, पोरगी त्या घरात गेली, आणि निघताना मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की पुन्हा ह्या दारात पाऊल टाकीन तर सवताच्या मोटारीतून उतरूनच.

आमच्याकडे सासुरवाशीण नागपंचमीला माहेरी येते, पण एकटी येत नाही. तिला न्यायला बाप किंवा भाऊ जातो. त्याला मूळ म्हणतात. मूळ आलं नाही तर सासरचे धाडत नाहीत, आणि पोरगी मागूनही घेत नाही, कारण मागण्यात माहेरची अब्रू जाते. महानंदाला भाऊ नव्हता. मूळ जाणार ते बापाचंच, आणि बापाला मोटार मिळत नव्हती. दर वर्षी आषाढ लागला की परीक्षांना जोर यायचा. अव्वा शेंगदाण्याची चटणी कुटायच्या, रस्त्यासाठी धपाटे करायच्या. पंचमी यायची. कुठल्यातरी गाडीचं काहीतरी बिनसायचं. धपाटे आम्ही खायचो.

मला सांगा, ह्यात हसण्यासारखं काय आहे? एका पोरीचं माहेरपण मोटारीच्या स्प्रिंगांवर अडलेलं, आणि गल्ली ते बघून पोट धरून हसतेय. कुणाला वाटलं नाही की ह्या माणसाला कॉलर धरून परळीच्या गाडीत बसवावं. उलट, 'चोखंदळ माणूस' म्हणून कौतुक.

आणि हा माणूस भित्रा असता तर मी समजू शकले असते. तो भित्रा नव्हता, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. आंदोलनाच्या एका वर्षी परभणी पेटली होती. एस.टी. बंद, दुकानं बंद, चौकात टायर जळत होते. भर दुपारी गल्लीतली चार प्रतिष्ठित मंडळी आमच्या दारात आली. मी खोलीत कडी लावून बसले होते, पण शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"मालक, मास्तरीणबाईंना थोडे दिस त्यांच्या गावाकडं धाडा. उगं तुमच्या घराला तोशीस नको."

"बाई गेल्यावर माझी गाडी कोण तपासणार?" मालक म्हणाले.

"मस्करी न्हाई, मालक. पोरं चवताळलेत."

"मी बी मस्करी करायलो न्हाई. त्यांना गाडीत मळमळत न्हाई. असं माणूस ह्या गल्लीत दुसरं कोण हाय? तुमची मंडळी येती का मागं बसायला?"

मंडळी गेली. मालकांनी ओट्यावर घोंगडी टाकली, गळ्यातलं लिंग बंडीच्या वर काढलं आणि वातावरण निवळेपर्यंत दिवसच्या दिवस तिथे बसून राहिले. पूजा तिथे, जेवण तिथे. कुणी आलं की मोटारींच्या गप्पा. माझ्या वडिलांनी नंतर येऊन त्यांना हात जोडले तेव्हा ते ओशाळले आणि वडिलांना विचारू लागले, "पालमला कुणाची फियाट हाय का हो, विकायची?"

म्हणून तर राग इतका खोल गेला. नालायक माणसाचा राग येऊन जातो.

त्या सुमाराला आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. हैदराबादला जायला नांदेडवरून सरळ गाडी होती. तरी मालक परळीवरून वळसा घालून जायचे, कारण वाटेत भालकी लागायचं. सासरच्या दारात पाऊल टाकायचं नाही, पण फलाटावर यायला बंदी नव्हती. महानंदा भाकरी बांधून स्टेशनावर यायची, गाडी थांबेल तेवढ्यात खिडकीतून डबा द्यायची, बापाचं तोंड बघायची. मालक परतले की अव्वा आधी तो डबा उघडून वास घ्यायच्या. मग एका दिवाळीनंतर मालक नांदेडवरूनच जायला लागले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "वळसा कामून घालायचा? वेळ जातो." मोटारीच्या परीक्षेसाठी आख्खा रविवार उन्हात घालवणारा माणूस!

त्यालाही दोन-तीन वर्षं झाली, आणि एका आषाढात जब्बारभाईंनी एक फियाट आणली. साय-रंगाची, मानवतच्या एका डॉक्टरांनी लेकरासारखी वापरलेली. मांडी बसली. झिरो फाटा आला तरी पाणी तळहातावर जागच्या जागी. येताना जब्बारभाईंनी वेग दिला आणि मालक गायला लागले. असा मोकळा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. गाता गाता मधेच थांबून "बाई, मागं कसं वाटतं?" आणि मी "फार छान, मालक, फार छान!" दुसऱ्या दिवशी जिंतूर रस्त्याला तर त्या गाडीनं सगळ्यांना मागे टाकलं. दगड मोजून मालक स्वतःच चकित झाले. आराम, मजा, अ‍ॅव्हरेज, तिन्ही. पंचमी तोंडावर आली होती. अव्वांनी चटणी कुटायला घेतली. मी महानंदाची पुस्तकं कोनाड्यातून काढून धूळ झटकून ठेवली.

सकाळी उठून बघते तर जब्बारभाई गाडी परत न्यायला आलेले.

"हॉर्न रडका हाय," मालक ओट्यावरून म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "शुभकामाला जायाचं, अन् त्येंच्या दारात असा रडका हॉर्न वाजवायचा? बरं न्हाई दिसत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शाळेची वेळ झाली होती, तरी मी पिशवी खाली टाकली.

"हॉर्न नवा बसत नाही का, मालक? गेल्या साली दाराचा आवाज होता, त्याआधी रंग उष्टा वाटत होता. तुम्हाला गाडी घ्यायचीय की नाही ते एकदा सांगून टाका! तिकडे ती पोरगी दर श्रावणात रस्त्याकडे डोळे लावून बसते. गावच्या सगळ्या लेकी माहेरी जाताना बघते. तिला गाडी नको असेल, मालक. तिला तुम्ही पाहिजे असाल. चालत गेलात तरी चालेल!"

जब्बारभाई चावी घेऊन हळूच रस्त्यावर सरकले. मालकांनी खांद्यावरचं उपरणं मांडीवर घेतलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आणली तर ती परत जायाची न्हाई, बाई."

"म्हणजे?"

"त्या दिवाळीला फलाटावर सांगितलं तिनं. नवरा पितो. हात उचलतो. म्हणली, अप्पा, न्यायला याल तर कायमचं न्यायला या." त्यांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "थोरली घरी येऊन बसली म्हणल्यावर धाकटीला कोण करंल? एकदा धाकटी उजवली का दुसऱ्याच दिशी गाडी घेतो. बसवण्णाची आण."

मला वाटलं होतं हा विक्षिप्त आहे. विक्षिप्तपणा तर खरा होताच, पण त्याच्या आडोशाला हा माणूस लपून बसला होता. मांडी, पाणी, गाणं, मैलाचे दगड, सगळ्याच्या आड. सगळं शहर त्याच्या नखऱ्यांना हसत होतं, म्हणून कुणी त्याला खरा प्रश्न विचारत नव्हतं. त्याला हेच हवं होतं.

"माझ्यासाठी दारात बसलात तेव्हा?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, चढू दिला. "तेव्हाही गल्ली बोलतच होती. तेव्हाही धाकटीला स्थळं बघायचीच होती. तेव्हा नाही भ्यालात!"

"ते लोकाचं हुतं," मालक म्हणाले. "हे घरचं हाय."

हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. माझ्यासाठी उभं राहायला ह्या माणसाला कुणाच्या बापाची भीती वाटली नाही, कारण मी परकी होते. पोटच्या पोरीसाठी उभं राहायचं म्हटल्यावर ह्याला हॉर्न रडका ऐकू आला. मी तिथून उठले आणि सरळ अव्वांकडे गेले. म्हटलं, "चला, आपण दोघी जाऊ. आत्ता. परळीची गाडी मिळेल."

अव्वांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी खलबत्त्यातली चटणी बोटानं गोळा केली. "आपल्यासंगं कोण धाडंल तिला? मूळ बापाचं लागतं, बाई. मी काय सांगितलं नसंल ह्यांना? दर साली चटणी कुटायची, म्हणजे ह्यांना दिसावं म्हणून कुटती. दिसत न्हाई."

पंचमी आली. गल्लीतल्या लेकी झोक्यावर चढल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गंगाखेडकडून येणारी एक जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. माणसं इतकी कोंबलेली की दोघं टपावर बसली होती. मागच्या फळीवरून एक बाई उतरली. हातात कापडी पिशवी, हिरवं लुगडं धुळीनं पांढरं पडलेलं. पंचमीच्या पूजेला गावातल्या बायकांबरोबर ती वारुळाला गेली होती. लाह्या वाहिल्या, दूध ठेवलं आणि बायका घराकडे वळल्या तेव्हा ही स्टेशनाकडे वळली. हे तिनं नंतर सांगितलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की तिच्या एका हाताची बोटं नीट मिटत नव्हती.

मालक ओट्यावर होते. उठून उभे राहिले.

"आलीस?" ते म्हणाले. "मी येणारच हुतो. गाडी बघायलो हुतो."

महानंदा पायऱ्या चढून आली. वाकून त्यांच्या पाया पडली. रीत तिनं सोडली नाही.

"बघा, अप्पा," ती म्हणाली. "सवडीनं बघा."

आणि आत गेली. आतून अव्वांचा आवाज आला, त्याला मी रडणं म्हणणार नाही. वर्षानुवर्षं छातीवर ठेवलेलं काहीतरी खाली पडल्यासारखा होता तो. मालक तसेच उभे होते, आणि मला त्यांची कीव यायला हवी होती. नाही आली.

आठवड्याच्या आत मालकांनी ती फियाट घेतली. हॉर्नसकट. पुन्हा परीक्षा न घेता. भालकीहून दोघं जण महानंदाला न्यायला आले तेव्हा अव्वांनी त्यांना पाणी दिलं आणि पोरगी दिली नाही. मालक दुकानात होते. संध्याकाळी घरी आले, विचारलं, आणि मान हलवून गाडी पुसायला गेले.

आणि धाकटीचं लग्न? पुढच्याच उन्हाळ्यात झालं. लातूरकडचं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांनी चहा पिता पिता विचारलं, "थोरल्या बाई हितंच असतेत का?" अव्वा म्हणाल्या, "असती." "बरं," ते म्हणाले आणि सुपारी फोडली. झालं! हा एवढाच तो बागुलबुवा, ज्याच्या भीतीनं एका पोरीनं एवढ्या पंचम्या मार खाल्ला. मी त्या बैठकीत दाराशी उभी होते. मालकांकडे बघितलं तर ते सतरंजीकडे बघत होते. मला त्या घडीला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बघा, बघा, एक शब्द लागला, फक्त एक शब्द!

महानंदानं त्याच कोनाड्यातल्या पुस्तकांवरून अभ्यास सुरू केला, डी.एड. केलं. मी शिकवत होते असं लोक म्हणतात, पण तिला फार शिकवावं लागलं नाही. पाथरीच्या एका शाळेत तिला नोकरी मिळाली. रोज सकाळची पाथरी एस.टी., संध्याकाळी परत.

ह्या काळात मालक मोटार चालवायला शिकले. साठीच्या उंबरठ्यावर, जब्बारभाईंच्या शिव्या खात. महानंदाच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी ते फियाट घेऊन एस.टी. स्टँडवर हजर. दार उघडून धरलेलं. "चल, पोरी. आरामात जाऊ." ती म्हणाली, "बस लागली हाय, अप्पा," आणि बसमध्ये चढली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग मालकांनी दार उघडणं सोडलं आणि बसच्या मागे गाडी घातली. परभणीहून मानवत, मानवतहून पाथरी. ती उतरून शाळेत गेली की परत. दुकान नोकरांवर टाकून, रोज. लोकांना नवा किस्सा मिळाला, आणि ह्या वेळी हसण्याच्या जोडीला डोळेही पुसायला मिळाले.

एकदा परीक्षेच्या कामासाठी मी तिच्याबरोबर त्या बसमध्ये होते. मागच्या काचेतून फियाट दिसत होती. पुढच्या सीटवर म्हातारे, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलेलं, पाठ ताठ. माझ्या शेजारची बाई पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "बाप असावा तर असा." माझ्या ओठांवर आलं होतं ते मी महानंदाकडे बघून गिळलं. ती खिडकीशी बसून मुलींच्या वह्या तपासत होती. तिनं एकदाही मागे बघितलं नाही.

मानवत सुटल्यावर कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला. रोजच्या ओळखीचा, भला माणूस.

"ताई," तो खाली वाकून म्हणाला, "आज बी हायत मागं. लय दिसाचं बघायलो मी. म्हातारं माणूस हाय. एका मिनिटाला उभी करायला लावू का बस?"

महानंदानं वहीतली चूक लाल पेनानं गोल केली आणि वही मिटली.

"नको," ती म्हणाली. "उशीर व्हईल. पोरी वाट बघत बसतेत."